सी अँड ओ टोपाथ: १८४ मैल, तीन दिवस आणि सोबत ६४ वर्षांचे बाबा, जमेल का?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनहून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत चेसापीक अँड ओहायो कॅनॉलच्या काठाने, म्हणजे सगळे ज्याला सी अँड ओ म्हणतात त्या रस्त्याने, १८४ मैल तीन दिवसांत करायचेत. तुमची रोड बाईक आहे २८ मिलिमीटर रुंद टायरची, बाबांची साधी हायब्रिड. बाबा ६४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, रोज तासभर सायकल चालवतात, आणि त्यांना जुनं बांधकाम आणि अमेरिकेच्या सिव्हिल वॉरच्या, म्हणजे गृहयुद्धाच्या, जागा दोन्ही बघायच्यात. रस्ता सपाट आहे, गाड्या नाहीत, मग रोज ६० मैल काय अवघड, असं तुमचं गणित दिसतंय.

तीन दिवसांत होतं. लांब पल्ला मारणारी मंडळी त्याहून लवकर उरकतात. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, अंतर कापायचंय की बघत बघत जायचंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी हा सगळा घाट बाबांसाठी घातलाय असं वाटतं, आणि तसं असेल तर माझा सल्ला असा की सहा दिवस द्या आणि दिशा उलटी करा, कंबरलंडहून वॉशिंग्टनकडे या. मी या रस्त्यावर बरीच वर्षं चालवतोय, नवख्या लोकांना आणि वयस्कर मंडळींना घेऊनही जातो, त्यामुळे माणसं नेमकी कुठे थकतात आणि कुठून हलायलाच तयार होत नाहीत याचा अंदाज आलाय.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. बाबांना तंबूत झोपणं चालतं की रोज रात्री पलंग आणि गरम पाणी लागतं? गुडघे, पाठ, मनगटं कशी आहेत? आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात पाऊस किती झालाय? या तिसऱ्यावर तुमचं माझं काही चालत नाही, पण त्या एका गोष्टीने रोजचे १० मैल कमीजास्त होतात.

आता सपाटपणाबद्दल, कारण बहुतेक सगळे इथेच फसतात. हा कॅनॉल १८४ मैलांत जेमतेम ६०५ फूट चढतो. तोही चढ सलग नाही, ७४ लॉक आहेत, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटी वर-खाली करायचे दारं असलेले दगडी हौद, आणि प्रत्येक लॉक साधारण ८ फुटांचं. म्हणजे तुम्ही मैलच्या मैल पाण्यासारख्या सपाट रस्त्यावर चालता, मग एक लॉक येतं, छोटासा उतार किंवा चढ, आणि पुन्हा सपाट. ऐकायला स्वर्ग वाटतो. पण साध्या रोडवर ४० मैल करताना किती वेळा पाय थांबतात याचा विचार करा, प्रत्येक उताराला पाय आणि पाठ सुटते, चढाला आपण सीटवरून उठतो. इथे उतार नाही म्हणजे आराम नाही, पायडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. पाच तास तेच पाय, तीच सीट, तेच मनगट. त्यामुळे इथे दम लागत नाही, बसण्याची जागा आणि तळहात दुखतात, आणि हे दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होतं. मी माझ्यासोबतच्या लोकांना दर पंधरा-वीस मिनिटांनी मुद्दाम उभं राहून चालवायला लावतो, गरज नसली तरी, आणि दर तासाला खाली उतरायला लावतो. ही सवय बाबांना आत्तापासून लावा.

दुसरं म्हणजे सरफेस. टोपाथ म्हणजे खेचरं बोटी ओढत चालायची तो काठ. त्यावर आज काही ठिकाणी छान बारीक खडी दाबून बसवलीय, टप्प्याटप्प्याने दुरुस्ती चालू असते, पण बराच भाग अजून माती, चिकणमाती, मधे गवताची पट्टी आणि दोन चाकोऱ्या असा आहे. कोरडं असेल तर २८ च्या टायरवर जाता येतं, नाही असं नाही, पण मुळं आणि खडे थेट मनगटात येतात. ओलं असेल तर तो टायर चिखलात रुततो, आणि रोड बाईकच्या ब्रेकमध्ये आणि फ्रेममध्ये जागाच नसते म्हणून चिखल अडकून चाक फिरेनासं होतं. झाडांची सावली दाट आहे, पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी डबकी राहतात. तुमच्या सायकलीत ३५ तरी बसत असेल तर घाला, नाहीतर ४० च्या आसपासचे टायर असलेली ग्रॅव्हल बाईक भाड्याने घ्या, या ट्रिपमधला तो सगळ्यात योग्य खर्च आहे. सामानासकट ४० च्या टायरला साधारण ४० पीएसआय हवा पुरते, वजन कमी असेल तर अजून थोडी कमी करा. रोडच्या सवयीने टायर दगडासारखे टणक केलेत तर पहिल्याच दिवशी हात गळतील. बाबांची हायब्रिड खरं तर तुमच्या सायकलीपेक्षा इथे जास्त कामाची आहे, फक्त मडगार्ड असतील तर टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट आहे का ते बघा.

वेगाचं बोलायचं तर रोडवर तुमचा ताशी १५-१६ मैल असेल, इथे सामान घेऊन ताशी ८ ते १० मैल धरा. टोपाथवर ताशी १५ मैलांची मर्यादाही आहे. १० ने ६० मैल म्हणजे सहा तास निव्वळ चालवणं, ऑक्टोबरच्या मध्यात उजेड साधारण अकरा तास, त्यात जेवण, पाणी, पंक्चर, आणि मग बाबा एका लॉकपाशी उतरले की अर्धा तास गेलाच. म्हणून बघत बघत जायचं तर ६० जमत नाहीत. १८ ते ४५ मैलांचे दिवस ठेवले की सगळं बसतं.

दिशा उलटी का, तर वॉशिंग्टनहून कंबरलंडला अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची, गाडी जाते आणि सायकली नेता येतात, फक्त सायकलीचं आरक्षण तिकिटासोबतच करावं लागतं आणि जागा मोजक्या असतात. आधी ट्रेनने वर जायचं, रात्री कंबरलंडला झोपायचं, सकाळी निघायचं, आणि सहाव्या दिवशी सायकल चालवत आपल्याच शहरात यायचं. शेवटी गाडी पकडायची घाई नसते, एखादा दिवस पावसात गेला तरी पुढचं काही कोलमडत नाही. ६०० फुटांचा उतार पायाला कळत नाही, त्याच्यासाठी दिशा बदलू नका, या निवांतपणासाठी बदला.

गाड्या का नाहीत याचीही गोष्ट बाबांना आवडेल. ४ जुलै १८२८ ला प्रेसिडेंट जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने कॅनॉलची पहिली कुदळ मारली, आणि त्याच दिवशी बॉल्टिमोरला बी अँड ओ, म्हणजे बॉल्टिमोर अँड ओहायो, रेल्वेचा पहिला दगड बसला. रेल्वे कंबरलंडला पोचली १८४२ ला, कॅनॉल १८५० ला. मूळ बेत ओहायो नदी गाठायचा होता, तो कंबरलंडलाच संपला. तरी कोळसा वाहत हा कॅनॉल १९२४ च्या पुरापर्यंत चालला, १९३८ ला सरकारने विकत घेतला, आणि नंतर त्याच्यावरून मोटारींसाठी रस्ता काढायचा विचार सुरू झाला. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या रस्त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांना आव्हान दिलं की माझ्यासोबत हा काठ पायी चाला आणि मग ठरवा. ते चालले, लोकमत फिरलं, आणि १९७१ ला हे नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झालं. आज आपण हॉर्नशिवाय आठवडाभर चालवतो ते त्या चालण्यामुळे.

आता दिवस. माइलस्टोन वॉशिंग्टनकडून मोजलेत, म्हणून तुम्ही १८४.५ वरून शून्याकडे येणार, आणि वाटेत प्रत्येक मैलाला खांब आहे, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

पहिला दिवस कंबरलंड ते लिटल ऑरलिन्स, साधारण ४४ मैल, सगळ्यात लांब आणि सगळ्यात निर्मनुष्य. दुकानं जवळपास नाहीतच, फोनची रेंजही मधे मधे जाते, म्हणून दिवसभराचं खाणं कंबरलंडहूनच घ्या आणि नकाशा ऑफलाइन ठेवा. मैल १५५ ला पॉ पॉ टनेल येतो आणि माझ्या मते बाबांच्या सगळ्या ट्रिपचं सार्थक तिथेच होईल. ३,११८ फूट लांब, आत ६० लाखांवर विटा, काम सुरू १८३६ ला आणि पूर्ण १८५० ला, मधे पैसे संपून काही वर्षं बंदच पडलेलं. हे सगळं कशासाठी, तर नदीची सहा मैलांची वळणं टाळण्यासाठी. आत अंधार गुडुप, वाट अरुंद आणि खाचखळग्यांची, एका बाजूला ओल्या विटा आणि दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा आणि खाली पाणी. सायकल हातात धरून चालायचं, मोबाईलचा नाही तर चांगला हेडलॅम्प हवा. आणि त्या कठड्यावरून हात फिरवा, बोटींचे दोर घासून घासून लाकडाला पडलेल्या खाचा हाताला लागतात. टनेल एका वेळी एकाच बोटीपुरता रुंद, दोन बोटी समोरासमोर आल्या आणि कोणीच मागे हटेना अशी भांडणं इथे झालीत.

दुसरा दिवस लिटल ऑरलिन्स ते विल्यम्सपोर्ट, ४१ मैल. इथे एक सोय आहे जी नवख्यांना माहीत नसते. टोपाथला लागूनच वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल आहे, जुन्या रेल्वेच्या जागेवरचा डांबरी सायकल रस्ता, तोही गाड्यांशिवाय, लिटल ऑरलिन्सच्या जवळून हॅन्कॉक करत बिग पूलपर्यंत साधारण २८ मैल. मधे इंडिगो टनेल वटवाघळांसाठी बंद ठेवलाय, तेवढा तुकडा टोपाथवरून जायचं. कालच्या ४४ मैलांनंतर हात आणि बसण्याची जागा दोन्हीला इथे विश्रांती मिळते, आणि पाऊस झाला असेल तर हा रस्ता म्हणजे वरदानच. पुढे फोर्ट फ्रेडरिक हा १७५६ चा दगडी किल्ला वाटेत आहे. विल्यम्सपोर्टला दगडी जलसेतू आहे, खाली ओढा, वरून कॅनॉल, आणि २०१९ पासून त्यात पुन्हा पाणी सोडलंय.

तिसरा दिवस फक्त २७ मैल, शेफर्ड्सटाऊनपर्यंत, कारण दुपार अँटीटम या सिव्हिल वॉरच्या रणभूमीसाठी हवी. आधी मैल ८८ ते ८४ मध्ये बिग स्लॅकवॉटर लागेल. तिथे कडा थेट नदीत उतरतो, कॅनॉल खणायला जागाच नव्हती, म्हणून धरण बांधून नदीच फुगवली आणि बोटी नदीतूनच नेल्या. खेचरांची वाट कड्याच्या पायथ्याशी होती, आज तिथे पाण्यावरून काँक्रीटचा वॉकवे आहे. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला इथून उठवणं अवघड जाईल, घाई करू नका. अँटीटमला जायचं तर मैल ७६ च्या आसपास शार्प्सबर्गकडे वर चढावं लागतं, तो रस्ता मात्र गाड्यांचा आणि चढउतारांचा आहे, मागचा लाल दिवा लावा आणि बाबांना पुढे ठेवा. १७ सप्टेंबर १८६२ ला तिथे एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढी हानी दुसरी नाही. सगळं मैदान बघायला वेळ पुरणार नाही, ब्लडी लेन आणि बर्नसाइड ब्रिज एवढंच नीट बघा. तो ब्रिज १८३६ चा, तीन कमानींचा, अरुंद, त्यावर उभं राहिलं की मूठभर लोकांनी एवढी मोठी फौज तिथे कशी अडवली ते लगेच कळतं.

चौथा दिवस १८ मैल, ब्रन्सविकपर्यंत, मधे हार्पर्स फेरी. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राऊनने १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये छापा घातला ते गाव, शेनँडोआ आणि पोटोमॅकच्या संगमावर. टोपाथ नदीच्या अलीकडे आहे आणि गाव पलीकडे, रेल्वे पुलाला लागून पादचारी पूल आहे, पण त्यासाठी जिना चढावा लागतो. लादलेली सायकल जिन्यावरून नेण्याचा हट्ट बाबांना करू देऊ नका, पॅनियर, म्हणजे सायकलीला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, काढा आणि दोन खेपा करा, किंवा सायकली खाली नीट लॉक करून जा.

पाचवा दिवस ब्रन्सविक ते एडवर्ड्स फेरी, २४ मैल. पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर आणि नदी यांच्यात एवढी चिंचोळी जागा आहे की कॅनॉल आणि रेल्वे दोघं तिच्यासाठी कोर्टात गेले होते, जिंकला कॅनॉल, १८३२ ला. तिथून पुढे मोनोकसी जलसेतू, सात कमानींचा, १८३३ ला पूर्ण झालेला, सगळ्या ११ जलसेतूंमधला सर्वात मोठा. जलसेतूंवरून सायकल हातात धरून चालायचं, कडेला पडलं तर सरळ खाली. या पट्ट्यात हॉटेलं नाहीत, पण काही जुनी लॉकहाऊस, म्हणजे लॉक चालवणाऱ्याची घरं, रात्रीपुरती भाड्याने मिळतात, एडवर्ड्स फेरीचं त्यातलंच एक. वीज-पाणी नाही, अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं, पण बाबांना विचारून बघा, मला वाटतं ते लगेच हो म्हणतील.

त्या घरासमोरच लॉक आहे, तिथे संध्याकाळी बाबांना वेळ द्या. लॉक साधारण १०० फूट लांब आणि १५ फूट रुंद, बोट साडेचौदा फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम अर्धा फूट मोकळी जागा, आणि वेग आवरायला दोर खुंटाला गुंडाळायचे. दोन दारं मिटली की मधलं टोक वरच्या पाण्याकडे येतं, त्यामुळे पाण्याचा दाब जेवढा जास्त तेवढी ती घट्ट बसतात, कडीकोयंड्याची गरजच नाही. वाटेतल्या लॉकांच्या दगडांवर बारकाईने बघत गेलात तर पाथरवटांच्या छोट्या कोरीव खुणा दिसतात, ज्याने घडवला त्याची खूण. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या जास्त स्पष्ट दिसतात.

सहावा दिवस ३१ मैल आणि जॉर्जटाऊन. ग्रेट फॉल्सपासून पुढे लोक वाढतात, वीकेंडला तर पोरं, कुत्री, पळणारे सगळे एकाच वाटेवर, घंटी वाजवून हळू जावं लागतं. म्हणून शुक्रवारी ट्रेन, शनिवारी सुरुवात आणि गुरुवारी शेवट असं ठेवा.

तंबूचा विचार असेल तर काठावर साधारण दर पाच-सात मैलांवर हायकर-बायकर कॅम्पसाइट आहेत, फुकट, आधी येईल त्याला जागा, एका ठिकाणी एकच रात्र. हातपंप असतो, पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, बाबांची थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. एखादा पंप बंद असू शकतो म्हणून दोन बाटल्यांवर एक जास्तीची ठेवा. पार्कमध्ये कचऱ्याचे डबे नाहीत, कचरा सोबत न्यायचा, पिशवी ठेवा. आणि गाड्या नाहीत म्हणजे शांतता असेल असं नाही, नदीकाठाने मालगाड्या रात्रभर धावतात आणि क्रॉसिंगला भोंगा देतात, कानात घालायचे बोळे बाबांसाठी नक्की घ्या.

ऑक्टोबरची एक खास गोष्ट म्हणजे पानं. रंग अप्रतिम असतात, पण पडलेल्या पानांखाली मुळं आणि खड्डे झाकले जातात, आणि काळ्या अक्रोडाची हिरवट गोल फळं वाटेवर पडलेली असतात, पुढचं चाक त्यावर गेलं की सरकतं. पानांच्या थरावर जोरात ब्रेक नको आणि तिरकं वळण नको. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामी पोचा, संध्याकाळी हरणंही वाटेवर येतात.

सहा दिवस सुट्टी मिळतच नसेल तर १८४ मैलांचा हट्ट सोडा, विल्यम्सपोर्टपासून वॉशिंग्टनपर्यंतचे १०० मैल चार दिवसांत करा. पॉ पॉ सुटेल, ते पुढच्या वेळी. तेव्हा हवं तर कंबरलंडहून पलीकडे पिट्सबर्गला जाणारा १५० मैलांचा गॅप ट्रेलही जोडा, तो जुन्या रेल्वेचा, सरफेस यापेक्षा खूपच चांगला, पण कंबरलंडहून पहिले २४ मैल सलग चढ आहे.

बुकिंगचा क्रम असा ठेवा, आधी ट्रेनमधल्या सायकलीच्या जागा, मग लॉकहाऊस, मग बाकीच्या रात्री, कारण पहिल्या दोन गोष्टी ऑक्टोबरमध्ये लवकर भरतात. निघायच्या आठवड्यात पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला तुकडा बंद आहे का तेही बघा, पुरानंतर किंवा दुरुस्तीसाठी वळसे देतात. आणि तुमच्या फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते मोजून इथेच लिहा, सोबत बाबांचं वजन आणि सामान साधारण किती असेल तेही, मग हवा किती ठेवायची ते नेमकं सांगतो.